चार चाकांचा गुणाकार

वर्कशॉप मुळात नानांचं. गिअर पाडायचं, म्हणजे लोखंडाच्या गोल ठोकळ्याला दात काढून चाक करायचं. नाना गेल्यावर ते त्यांच्या थोरल्या लेकीनं चालवायला घेतलं, तेव्हा बाईमाणसाला गिअरमधलं काय कळणार म्हणून गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. तिनं पाडलेलं चाक एकदा बसवलं की वर्षानुवर्षं कुरकुरत नाही, हे कळल्यावर तीच नाकं आपोआप सरळ झाली. थोरली तोंडानं फटकळ होती आणि हातानं सावकाश. या धंद्यात दोन्ही लागतं.

नानांनी घालून दिलेला एक नियम ती कधी मोडत नसे. एकमेकांत फिरणाऱ्या दोन चाकांत भाऊबंदकी नको. वीस दातांचं चाक चाळीसच्या चाकाला जोडलं, तर लहानाचा प्रत्येक दात जन्मभर त्याच दोन दातांशी भिडत राहतो. एकाला जरा खोट असली की ती समोरच्या त्याच बिचाऱ्यांना कुरतडत बसते. पण दोघांना एकाच आकड्यानं भाग जात नसेल, तर प्रत्येक दाताची प्रत्येक दाताशी कधी ना कधी गाठ पडतेच, आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. ‘सोयरीक परक्यात करावी,’ नाना म्हणायचे, आणि वर आईकडे बघून ‘आम्ही केलीच की’ असं पुटपुटायचे.

नानांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातली चाकं. तिथं मैदानाएवढा एक गोल हौद आहे. नदीचं गढूळ पाणी त्यात येऊन निवळतं, आणि एक लांबच लांब लोखंडी दांडा हौदाच्या तळाचा गाळ ओढत रात्रंदिवस फिरत राहतो, इतका हळू की नुसतं बघणाऱ्याला तो थांबलाय असंच वाटावं. हौदाच्या काठाला चिकटून एक अरुंद खोली आहे. त्या खोलीत नानांची चार चाकं एका ओळीत, एकात एक अडकून फिरतात. एकशे एक दातांचं, त्र्याऐंशीचं, एकसष्टचं आणि शेवटचं एकशे सत्तावीसचं. चारही आकडे असे आडमुठे की कशानंही भाग जात नाही.

चौघांचा गुणाकार सहा कोटी एकोणपन्नास लाख त्रेचाळीस हजार एकशे एक. म्हणजे आत्ता या क्षणी जे दात एकमेकांत आहेत, तेच्या ते, चारही चाकांचे, पुन्हा जुळून यायला इतके दात सरकावे लागतात. सेकंदाला दोन दात या हिशेबानं एक वर्ष आणि वर थोडे दिवस. आणि एवढा अवाढव्य आकडा, पण त्या चौघांशिवाय आणि त्यांच्या आपसातल्या गुणाकारांशिवाय त्याला कुणी भागू शकत नाही. दुसरे बाप पोरांना झोपवताना गोष्टी सांगतात, नाना हा आकडा सांगायचे. थोरलीला तो पाठ होता. धाकट्याला आकडा संपायच्या आत झोप लागायची.

धाकट्याला घरात बारक्या म्हणत. पुढे तो ताडमाड वाढला, दारातून वाकून यायला लागला, तरी बारक्याच राहिला. नानांची चाकं सांभाळायला केंद्रात फिटर म्हणून लागला तोही त्याच नावानं. काम करताना दातांतून शीळ घालायची त्याला सवय होती. पोरगा नाकासमोर चालणारा. लपवण्यासारखं काही असतं, तर थोरलीला सगळ्यांत आधी कळलं असतं.

एका दुपारी शेवटचं चाक, एकशे सत्तावीसचं, खडखडायला लागलं. बारक्यानं मशीन थांबवलं आणि उघडायच्या आधी कुठलाही फिटर करतो ते केलं. जिथं जिथं दोन चाकं भेटतात, तिथल्या दातांवर पंच टेकवून हातोडीनं एकेक ठिपका मारला आणि त्यावर पिवळा रंग लावला. पुन्हा बसवताना ठिपक्याला ठिपका जुळवला की चाकं होती तशी बसतात. ऑपरेटर, एक जाडजूड आणि बोलघेवडा गृहस्थ, चाक उचलायची चेनकप्पी आणायला बाहेर गेला. परत आला तेव्हा रंग ओला होता आणि खोलीत कुणी नव्हतं. चपला नव्हत्या, हातोडी नव्हती, खिडकीत ठेवलेला डबा नव्हता. तेलकट फरशीवर पाय घसरू नये म्हणून बारक्या चाकांच्या कडेला एक गोणपाट अंथरून त्यावर उभा राहायचा. ते तेवढं होतं.

हौद उपसला. गाळ निघाला, बारक्या निघाला नाही. पोलिसांनी पोरगी घेऊन पळाला असेल असं सुचवलं, आणि आईनं त्यांना घरातून जायला सांगितलं. शहराचं पाणी अडलं होतं. साहेबांनी, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरनी, दुरुस्ती पुढं ढकलून दुसऱ्याच संध्याकाळी मशीन होतं तसं चालू करायला लावलं. चाकं ठिपक्यावरून निघाली.

खोकल्याचं पहिल्यांदा ऑपरेटरनं सांगितलं. दोनेक महिन्यांनी तो वर्कशॉपवर आला, नको नको म्हणत दोन कप चहा प्यायला आणि मग म्हणाला की चाकांच्या खोलीत कुणीतरी खोकतं. तीन दिवसांनी एकदा. एकच खोकला, घसा साफ केल्यासारखा. थोरलीनं त्याला उडवून लावलं. पाण्याचे पाइप खोकतात, जुन्या बेअरिंगांना दमा असतो, त्यात काय. ऑपरेटर म्हणाला, असेल. मग कप खाली ठेवता ठेवता म्हणाला की कधी कधी शीळ पण येते, बेअरिंग शीळ घालतं का ते सांगा.

ती गेली ती त्याची खोड मोडायला. चाकांच्या खोलीत ती तासन् तास उभी राहिली. चाकं टकटकत होती, तेलाचा उबट वास होता, केंद्रातली मांजर गोणपाटावर वेटोळं करून झोपली होती. काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला झालं. पहिल्या तीन चाकांचे पिवळे ठिपके वेगवेगळ्या वाटांनी फिरत फिरत एका ओळीत आले, अर्धा सेकंद एकत्र राहिले, आणि तिच्या खांद्यामागं बारक्या खोकला.

तिनं वळून पाहिलं नाही. का नाही पाहिलं, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. मांजरीनं मात्र डोकं वर केलं होतं.

वर्कशॉपवर येऊन तिनं खडूनं लेथच्या झाकणावर हिशेब मांडला. एकशे एक, त्र्याऐंशी आणि एकसष्ट यांचा गुणाकार केला की तीन दिवस येतात. तो खोकला. त्र्याऐंशी, एकसष्ट आणि एकशे सत्तावीस धरले की पावणेचार दिवस. ती शीळ. आणखी दोन त्रिकुटं उरत होती. त्यांच्या वेळी जाऊन ती उभी राहिली तेव्हा एकाला लोखंडावर हातोडीचा ठोका पडला, आणि दुसऱ्याला, सहा दिवसांनी येणाऱ्याला, बारक्याच्या अंगाच्या साबणाचा वास आला. तीन ठिपके जुळले की त्याचा एक भाग येत होता. दोन जुळायचे तेव्हा काहीच येत नसे, फक्त मांजरीचे कान हलत.

चार जुळले की काय येईल, हे तिनं खडूनं लिहिलं नाही. पण आई जेवायला बोलवायला आली आणि झाकणासमोर उभी राहिली. आईनं पस्तीस वर्षं नानांची चाकं धुतली होती, दात मोजले होते. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं चष्मा पुसला, आकडे पुन्हा वाचले आणि विचारलं, “कधी?”

बारक्या गेला त्याला वर्ष झालं त्या दिवशी शेजारीपाजारी घरी येऊन बसले. आई त्यांच्यात बसली, पण तिचं लक्ष नव्हतं. चाकांना तारखा कळत नाहीत. वर्ष आणि वर अकरा दिवस, त्यात मशीन बंद पडलं होतं ते तास मिळवायचे. शेवटच्या आठवड्यात ठिपके बघून थोरली नक्की वेळ सांगू शकत होती. भरदिवसा, सकाळच्या चहानंतर.

खोलीत त्या दोघीच होत्या. ऑपरेटर दाराबाहेर उभा राहिला. माझी पोरं लहान आहेत, एवढंच म्हणाला. खिडकीतून ऊन पडलं होतं. मांजर गोणपाटावर नेहमीच्या जागी होती. थोरली मनात म्हणत होती की काही होणार नाही, झालंच तर खोकला, शीळ, ठोका आणि वास एकदम येतील, बस. ठिपके जवळ येत गेले. आईनं तिचा हात धरला.

बारक्या उभा होता. पाठमोरा, किंचित वाकलेला, पंच शेवटच्या चाकावर टेकवलेला. शर्टाच्या कॉलरची शिवण उसवली होती. ती शिवून द्यायची त्या सकाळी आईकडून राहून गेली होती. अर्ध्या सेकंदात माणसाला इतकं दिसतं, हे थोरलीला तोवर माहीत नव्हतं.

मग टक्, आणि तो नव्हता. मांजरही नव्हती. गोणपाटावर बारक्याचा डबा होता.

आईनं तो उचलला. झाकण उघडलं तर वाफ आली. वर्षापूर्वी सकाळी भरून दिलेला डबा होता तो.

थोरली गोणपाटापासून दोन पावलं मागं सरली. आई मात्र कितीतरी महिन्यांनी हसत होती. घरी येईपर्यंत तिनं तो डबा पदरात धरला होता, निवू नये म्हणून.

मांजर कुठंच सापडली नाही. ऑपरेटरनं बदलीचा अर्ज दिला, तो साहेबांनी फेटाळला. आणि त्या रात्री जेवणं झाल्यावर आईनं भाजी निवडता निवडता, उद्या दळण आणायचंय अशा आवाजात सांगितलं की पुढच्या खेपेला गोणपाटावर ती बसणार आहे. मांजर गेली, डबा आला. तेवढ्याला तेवढं. माणूस यायचं तर माणूसच बसायला हवं.

थोरली चिडली. ओरडली, रडली, नाही नाही ते बोलली. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माझी झाली की गं आता. त्याचं सगळं राहिलंय.”

त्यात आईचं हृदय कमकुवत झालेलं. डॉक्टरनं तपासून थोरलीला बाजूला घेतलं आणि वर्षभराचं काही सांगता येत नाही म्हणाला. ते आईला आतल्या खोलीत ऐकू गेलं. पुढची गाठ वर्षानंतर, आणि आईपाशी वर्ष नव्हतं. थोरलीला त्या क्षणी जिवात जीव आल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याची इतकी लाज वाटली की ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तिला भाऊ हवा होता. पण आई देऊन नको होता.

आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी माणूस पाठवला. एकशे सत्तावीसचं चाक आता अगदीच गेलं होतं, नवीन पाडून हवं होतं. नानांच्या मुलीशिवाय कोण पाडणार?

आईनं ते ऐकलं आणि चष्मा लावून थोरलीसमोर येऊन बसली. तिचं म्हणणं साधं होतं. नानांचा नियम एकदा मोड. नव्या चाकाला एकशे बावीस दात दे. एकसष्टची दुप्पट. सख्खी भाऊबंदकी. मग चौघांची गाठ वर्षानं नाही, सहा दिवसांनी पडेल. हिशेब बरोबर होता. थोरलीनं तो स्वतः आधीच करून पाहिला होता, आणि खडू पुसून टाकला होता.

नाही म्हणावं तर आईचं ते वर्षही असंच झुरण्यात जाणार. हो म्हणावं तर सहा दिवसांत आई गोणपाटावर. थोरलीनं दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती साहेबांना सांगून आली की एकशे सत्तावीस दात सारख्या अंतरावर पाडायला लागते ती भोकांची तबकडी नानांच्या मागे सापडत नाही, एकशे बावीसचं देते, बेअरिंगचे ठोकळे जरा आत सरकवले की बसेल. दांड्याचा वेग थोडा बदलेल. साहेब म्हणाले, पाण्याला काय कळतंय.

चाक तिनं जीव लावून पाडलं. इतकं सुरेख चाक तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. एका दातावर पंच मारून ठिपका दिला, पिवळा रंग लावला, आणि बसवायच्या दिवशी आईला खुर्ची टाकून समोर बसवलं. मशीन थांबवून, एकसष्टच्या चाकाचा ठिपका भेटीच्या जागी येईपर्यंत हातानं फिरवलं. नवं चाक उचलताना तिनं आईकडे पाठ केली आणि ठिपक्याला ठिपका न देता शेजारचा दात दिला.

एका दाताचा फरक. आईच्या चष्म्यातून काय दिसणार होतं? एकसष्टच्या ठिपक्याला आता एकशे बावीसचे दोनच दात भेटणार होते, एक हा शेजारचा आणि एक बरोबर त्याच्या समोरचा, चाकाच्या पलीकडच्या अंगाचा. बाकीच्या एकशेवीस दातांशी त्याची जन्मात गाठ पडणार नव्हती, आणि नव्या चाकाचा ठिपका त्या एकशेवीसांत होता. नानांच्या चाकांत आज ना उद्या सगळे सगळ्यांना भेटायचे. तिनं असं केलं होतं की आता काही झालं तरी भेटणार नाहीत. मशीन चालू झालं, आणि तिला आपण भावाला बाहेर ठेवून दाराला कडी घातली असं स्पष्ट वाटलं.

सहा दिवसांनी आई ठेवणीतले कपडे घालून गोणपाटावर जाऊन बसली. थोरली भिंतीला टेकून उभी राहिली. तीन जुने ठिपके जुळले आणि चौथा एका दातानं मागं राहिला. खोकला आला, शीळ आली, साबणाचा वास आला, आणि मग हौदाच्या बाजूला जे लहान दार आहे, जे कधी उघडत नाहीत, त्याच्यापर्यंत पावलं आली. कडी वाजली. एकदाच, अर्धा सेकंद.

“दार उघड ना गं,” आई म्हणाली.

थोरलीनं उघडलं. बाहेर हौद होता, ऊन होतं आणि दांडा फिरत होता.

असं दर सहा दिवसांनी व्हायला लागलं. मधल्या तीन दिवसांच्या खेपेला एकसष्टच्या ठिपक्यापाशी तो समोरचा दात असे आणि नुसता खोकला येई, तेव्हा आई जात नसे. सहाव्या दिवशी जाऊन बसे. कडी वाजे, थोरली दार उघडे, आई थोडा वेळ पाण्याकडे बघे आणि म्हणे, हुकलं वाटतं. मग दोघी घरी येत. हे असं चाललं असताना आईची तब्येत सुधारली. डॉक्टरला आश्चर्य वाटलं. थोरली मनाची समजूत घालायची की आई आहे, जेवतेय, दर सहा दिवसांनी आशेनं नटून निघतेय, यापेक्षा जास्त माणसानं काय मागावं? पण कडीचा आवाज तिला वर्कशॉपमध्ये ऐकू यायला लागला. कटरच्या घरघरीत, नळाच्या पाण्यात. बारक्या लहानपणी बाहेर राहिला की अशीच कडी वाजवायचा, हळू, कुणाची झोप मोडू नये म्हणून.

ऑपरेटरच्या कानावर आता दुसरंच काही येत होतं. तो म्हणाला की हल्ली अधेमधे, ठिपके जुळलेले नसतानाही, ठोके पडतात. बारीक, जपून. कुणीतरी काम करत असल्यासारखे. थोरलीनं त्याला रजा घ्यायला सांगितलं, आणि साहेबांकडून ती मिळवूनही दिली.

एका सकाळी आई चहा गाळत होती. थोरली वर्कशॉपला निघाली होती. सहावा दिवस अजून तीन दिवस लांब होता. आईनं मागं न बघता विचारलं, “तू एक दात सरकवलास ना?”

थोरली चप्पल घालता घालता थांबली.

“पहिल्याच दिवशी कळलं मला,” आई म्हणाली. “चष्म्याचं सोड, कानानंच कळतं. नानांची बायको आहे मी.” तिनं कप पुढं केला. रागावलेली नव्हती. “माझ्यासाठी केलंस, ते काय कळत नाही होय? मी बोलले नाही. म्हटलं, तुलाही कुणीतरी हवंच.”

थोरलीनं कप घेतला आणि तसाच खाली ठेवला.

“पण तो फिटर आहे गं,” आई म्हणाली. “चुकीचं बसवलेलं चाक दिसल्यावर तो गप्प बसेल?”

थोरली वर्कशॉपला गेलीच नाही. तडक केंद्रावर आली. ऑपरेटर रजेवर होता, बदली माणूस फाटकाशी वर्तमानपत्र वाचत बसला होता. मशीन बंद झालं होतं का, चाकांना कुणी हात लावला का, तिनं विचारलं. तो म्हणाला, बसवल्यापासून एकदाही बंद नाही, आणि फिरत्या चाकांत हात कोण घालेल?

आत तेलाचा वास होता आणि ऊन. चाकं टकटकत होती. आज तिसऱ्या दिवसाची खेप, म्हणजे नुसता खोकला. घाबरण्यासारखं काही नव्हतं.

तरी तिनं गोणपाटावर पाय पडू दिला नाही. ते सोडलं तर चाकं आणि लहान दार यांच्यामध्ये जेमतेम एका माणसापुरती वाट उरते. त्या वाटेत उभी राहून ती वाकली.

एकशे बावीसचं चाक एक मिनिटात एक फेरा घेतं. तिचा पिवळा ठिपका वर आला. तिनं शेजारचा दात बघितला. कोरा. त्याच्याही शेजारचा बघितला. कोरा. ठिपका गेला, पुन्हा आला, तिनं पुन्हा बघितलं.

काही नव्हतं. ती सरळ झाली. आईनं उगीच घाबरवलं, असं म्हणून ती हसलीसुद्धा.

चाकाचा पलीकडचा भाग वर येत होता.

एकसष्टच्या ठिपक्याला भेटणारा दुसरा दात. समोरचा. तो तिनं बघितलाच नव्हता.

त्याच्यावर ठिपका होता. रंग नव्हता, नुसता पंच. लोखंड आतून चांदीसारखं चकाकत होतं, तेलाचा थेंबही अजून त्यात उतरला नव्हता.

बाकीचे तीन ठिपके तिनं शोधले. ते ओळीत यायला निघाले होते. सहाव्या दिवशी नाही. आत्ता.

स्विच दाराबाहेर होता.

मागं कडी वाजली नाही. ती उचलली गेली. दार उघडल्याचा गारवा तिच्या मानेला लागला, पाण्याचा आणि साबणाचा वास आला.

“ताई, जरा सरक गं,” बारक्या म्हणाला. घाईत होता, कामात असला की बोलायचा तसा.

आणि थोरलीनं, मागं न बघता, नेहमीसारखं बाजूला होत, गोणपाटावर पाय टाकून त्याला जागा दिली.